आधी हजेरी घ्या

आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट निघाला तेव्हा त्यात अकरा जण होते. ज्याने गट काढला त्याच्या फोनमध्ये होते तेवढे. महिन्याभरात ते २१ झाले आणि आकडा तिथेच थांबला. गटाचं नाव ठेवलं ‘एसएससी १९८६’. मी त्यात आले चार वर्षांनी. मला शोधणारे माहेरच्या नावाने शोधत होते आणि माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने आडनावाबरोबर पहिलं नावही नवीन लिहिलं गेलं होतं. डोंबिवलीत आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, वर्गातल्या एकाचा मावसभाऊ राहायचा. जिन्याखालच्या पत्रपेटीवर तो माझं नाव रोज वाचत असणार.

आल्या आल्या मी मोजलं. आठवीत आम्ही ५४ होतो. बाकीचे ३२ कुठे आहेत, असं गटावर विचारलं, तर पाच मिनिटांत उत्तर आलं, “सगळे आहेत की गं इथे!” ज्याने लिहिलं तो मनाने फार चांगला आहे. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्या एका वाक्यामुळे मी दुसऱ्या दिवशी दोनशेपानी वही विकत आणली.

गेली नऊ वर्षं मी आमच्या वर्गाची ती वही सांभाळते आहे. शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली, जांभ्या दगडाच्या भिंतींची, आठवी ते दहावीची. आसपासच्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून सातवी करून मुलं तिथे यायची. आज वहीत ५१ जणांचा ठावठिकाणा आहे. त्यातले सहा जण आता नाहीत. दोघांचा पत्ता लागलेला नाही आणि एकाचं नावच कुणाला आठवत नाही. तुमच्याही शाळेचा गट असेल किंवा निघायच्या बेतात असेल, तर या कामात जे हाताला लागलं ते तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

फोनमधल्या नंबरांपासून सुरुवात करू नका

नंबर गोळा करून गट काढला की त्यात कोण येतं? जे आधीपासून एकमेकांच्या संपर्कात आहेत ते. म्हणजे बहुतेक मुलगे, बहुतेक शहरात नोकरी करणारे, बहुतेक दहावी पास झालेले. मग हाच आपला वर्ग असं सगळ्यांना वाटायला लागतं. म्हणून आधी वही घ्या आणि पटावर जितकी मुलं होती तितके आकडे डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा. पट आठवत नसेल तर साठ लिहा.

आता ही नावं भरायची कशी? “वर्गात कोण कोण होतं?” असं विचारलं की कुणालाही सात-आठच नावं येतात, आणि तीही खोडकरांची आणि हुशारांची. मी वेगळा प्रश्न विचारला. एसटीत कंडक्टर असलेल्या एका वर्गमित्राला फोन केला आणि म्हटलं, “हजेरीत तुझ्या आधी कोण होतं आणि तुझ्यानंतर कोण?” क्षणभर शांतता. मग तो हजेरीच्या त्या एकसुरी चालीत म्हणायलाच लागला. स्वतःच्या नंबराआधीची तीन आणि नंतरची चार नावं त्याने न अडखळता म्हटली. इतक्या वर्षांनी! त्याचं कारण साधं आहे. आपला नंबर यायच्या आत सावध व्हायला हवं म्हणून आधीचं नाव कानाला पाठ झालेलं असतं आणि ‘हजर’ म्हणून सुटका झाल्यावरचं नाव मोकळ्या मनाने ऐकलेलं असतं. प्रत्येकाकडे अशी साखळीची दोन-तीन कडी असतात. ती एकमेकांत अडकवत गेलं की पट तयार होतो. आडनावं मुळाक्षरांच्या क्रमाने असतील तर चूकही लगेच लक्षात येते. हे काम गटावर करू नका, एकेकाला फोन करूनच करा. गटावर पहिलं चुकीचं उत्तर आलं की बाकीच्यांच्या आठवणी त्याच्याच मागे जातात.

एवढं करूनही गाळलेल्या जागा राहतात. तिथे शाळेचं जनरल रजिस्टर मदतीला येतं. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची त्यात नोंद असते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. मुख्याध्यापकांना रीतसर पत्र द्या, आपण तयार केलेली यादी सोबत जोडा आणि ‘ही नावं ताडून द्यावीत, राहिलेली सांगावीत’ इतकीच विनंती करा. पानाचा फोटो मागू नका, आणि कुणी ओळखीने काढू दिला तरी काढू नका. त्या पानावर जात लिहिलेली असते, जन्मतारीख असते, शाळा सोडण्याचं कारण असतं. ते गटावर फिरण्यासारखं नाही.

गटाच्या नावाबद्दलही सांगते. ‘एसएससी १९८६’ हे नाव वाचून आमचा एक वर्गमित्र यायला तयार नव्हता. “मी तुमच्या बॅचचा नाय गो, मी गणितात राह्यलो,” म्हणाला. गुहागरकडे त्याची स्वतःची होडी आहे, दोन मुलगे शिकलेले आहेत, तरी ते पस्तीस मार्क त्याच्या मनातून गेलेले नाहीत. आठवीत एकत्र बसलेल्या ५४ पैकी दहावीच्या परीक्षेला आम्ही ३८ जण बसलो होतो. आम्ही गटाचं नाव बदलून ‘आठवी, जून १९८३’ केलं. त्या रात्री तो गटात आला. तुमची शाळा पाचवीपासून असेल तर पाचवीचं वर्ष घ्या. आपण सगळे एका दिवशी आत आलो होतो. बाहेर पडलो वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी. १९७५ च्या मंडळींना तर हे जास्तच लागू आहे. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वेळी एसएससीला बसली. नुसतं ‘एसएससी ७५’ म्हटलं की एकाच शाळेचे दोन वर्ग आपापला हक्क सांगतात.

मुलींना शोधताना

मुलगे सापडतात, मुली सापडत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक गटात ऐकू येते. आडनाव बदलतं, कधी नावही बदलतं, आणि सासर चार जिल्हे पलीकडे असतं. पण माहेर जागेवर असतं. वाडीतल्या घरी भाऊ असतो, भावजय असते. किराणा दुकानदाराला कोणाची लेक कुठे दिली ते माहीत असतं. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरते तेव्हा सगळा गोतावळा गावात असतो. त्या चार दिवसांत मला सात मैत्रिणी सापडल्या.

सापडल्यावर मात्र घाई करू नका. भावाकडून नंबर घेऊन परस्पर गटात टाकणं ही फार वाईट रीत आहे. आपला नंबर भावजयीकडे द्या, निरोप ठेवा, आणि तिचा फोन येईपर्यंत थांबा. आमच्या एकीने पाच महिन्यांनी फोन केला. घरातल्या एका फोनवर सून, मुलगा, नवरा सगळेच असतात, रात्री साडेअकराला वर्गमित्रांचे विनोद आलेले चालणार नाहीत, असं तिने सरळ सांगितलं. तिला गटात न घेता आम्ही महिन्यातून एकदा तिला फोन करतो, दुपारी तीननंतर. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही किंवा नको आहे अशा नऊ जणांसाठी आमची हीच पद्धत आहे. शहरातल्या एकेकाने गावाकडच्या दोघांना बातमी कळवायची. त्यांची नावं वहीत आहेत, म्हणजे ते वर्गात आहेत.

‘आठवतं का?’ असं विचारू नका

बहुतेक गटांची गत सारखीच असते. पहिल्या महिन्यात आनंद मावत नाही. मग ‘काय ते दिवस होते!’ आणि त्यावर पंचवीस हसरे चेहरे. मग सुप्रभात, मग कुठून तरी आलेले व्हिडिओ, मग निवडणूक, मग भांडण, आणि दोघं गट सोडून जातात. भांडणाला कारण राजकारण असतं हे खरं, पण त्याआधी बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं, हेही खरं.

आठवण वर यायला प्रश्न लहान आणि नेमका लागतो. मी दर रविवारी एक प्रश्न टाकते. आजवरचा सगळ्यात चांगला प्रश्न होता, ‘तू शाळेत कुठल्या वाटेने यायचास?’ त्यावर ४० जण बोलले. एकीने सांगितलं, चपला झिजू नयेत म्हणून त्या हातात घेऊन चालायची आणि शाळेच्या विहिरीवर पाय धुऊन मग घालायची. एक जण वहाळापलीकडचा. पावसात साकव बुडाला की दोन-दोन दिवस त्याची गैरहजेरी लागायची, आणि परत आल्यावर छडी. एकजण म्हणाला, मी नेहमी मागच्या वाटेने यायचो, कारण पुढच्या वाटेवर दुकान होतं आणि तिथे आमची उधारी होती. त्याच दुकानदाराचा मुलगाही गटात आहे. त्याने थोड्या वेळाने लिहिलं, ‘मला वाटायचं तुला आमच्याशी खेळायचं नसतं.’ तीन वर्षं एका बाकाच्या अंतरावर बसून आम्हाला एकमेकांची वाट माहीत नव्हती.

तुम्हीही असेच प्रश्न काढा. डब्यात काय असायचं, आणि डबा नसायचा तेव्हा काय करायचात? शाळेचा पहिला शर्ट कुणाचा उतरलेला होता? पुस्तकं नवीन की जुनी, आणि जुनी कुणाकडून अर्ध्या किमतीत घेतली? शाळेत पहिल्यांदा टीव्ही कधी पाहिला? निकाल कुणी आणला? उत्तर लिहायचा कंटाळा येणारे आणि लिहिणं जड जाणारे बरेच असतात. त्यांना बोलून पाठवू द्या. मग कुणीतरी ते ऐकून त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. चिपळूणला मासळी विकणाऱ्या आमच्या मैत्रिणीची चार मिनिटांची बोललेली आठवण आम्हा शिकलेल्यांच्या सगळ्या लिखाणापेक्षा सरस आहे.

वर्गाचा फोटो हा तर खजिना. खाली सतरंजीवर मुली, मध्ये खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकावर उभे मुलगे, आणि कडेला शिपाईकाका. पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना फोटो पुठ्ठ्यापासून सोडवायला जाऊ नका, फाटतो. लॅमिनेशनही करू नका. शक्य असेल तर स्टुडिओत ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. नसेल तर काचेतून बाहेर काढून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन फोटोला समांतर धरून टिपा. आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि मागच्या ओळीतले चेहरे पुसट होतात. नावं डावीकडून, ओळीप्रमाणे, वहीत लिहा. मूळ फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने.

मग एक प्रश्न आवर्जून विचारा: या फोटोत कोण नाही? आमच्या फोटोत सहा जण नव्हते. एकाने सांगितलं, “पांढरा सदरा एकच होता, तो त्या दिवशी ओला होता.”

शिक्षकांकडे जाताना

ऐंशीच्या दशकात जे आपल्याला शिकवत होते ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. दहा-बारा जणांनी शाल-श्रीफळ घेऊन घरात शिरायचं, फोटो काढायचे, पाया पडायचं आणि अर्ध्या तासात निघायचं, असं खूपदा होतं. सरांना आनंद होतो, पण बोलायला मिळत नाही. आधी दोघांनीच जा. सकाळी जा, जेवणाच्या वेळेआधी उठा. आणि “सर, ओळखलंत का?” हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्यांच्या हाताखालून हजारो मुलं गेली. नाव आठवलं नाही की त्या वयात माणूस कानकोंडा होतो. आपणच सांगायचं: नाव, वाडी, वडील काय करायचे, कुठल्या बाकावर बसायचो. पाच वाक्यांनंतर त्यांचा चेहरा उजळतो.

त्यांना आपल्याबद्दल विचारण्याऐवजी त्यांच्याबद्दल विचारा. पहिला पगार किती होता, गावात राहायला जागा कुणी दिली, शाळा सोडून जावंसं कधी वाटलं होतं का. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. आमच्या मराठीच्या सरांकडे आम्ही असेच गेलो होतो. ते उठून आत गेले आणि खाकी कव्हर घातलेली टाचणवही घेऊन आले. पुढची पानं पाठांच्या टाचणांची. मागच्या पानांवर जूनमधल्या घरभेटींची यादी होती. सातवी झालेलं मूल आठवीला यावं म्हणून सर पावसात वाड्यावाड्यांवर फिरत. एका ओळीत वाडी, मुलाचं नाव, आणि पुढे बारीक अक्षरात शेरा: ‘वडील मुंबईस. आई नको म्हणते. पुन्हा जाणे.’ काही नावांपुढे ‘पुन्हा जाणे’ तीनदा होतं. माझ्या पटावरच्या रिकाम्या जागांपैकी तीन त्या वहीतून भरल्या. त्यातलं एक नाव माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं होतं. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली होती आणि मी तिला पार विसरून गेले होते.

बातमी

बातम्या आणि गप्पा वेगवेगळ्या ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये फक्त ॲडमिननेच संदेश पाठवायचे अशी सोय आहे. तसा एक गट बातम्यांसाठी आणि दुसरा मोकळ्या गप्पांसाठी. शिवाय आम्ही महिन्याला एकपानी पत्र काढतो. पालगडचे साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज! आपल्याला महिन्याला एक पान जमायला हरकत नाही. मी ते हाताने लिहिते, फोटो काढून गटावर टाकते, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना झेरॉक्स जाते. त्यात कुणाचा मुलगा कलेक्टर झाला एवढंच नसतं. कुणाच्या आंब्याला यंदा मोहोर धरला नाही, कुणी पन्नाशीनंतर गाडी चालवायला शिकलं, कुणाच्या आईला आता दिसत नाही, हेही असतं. नुसत्या यशाच्या बातम्या यायला लागल्या की ज्याचं बरं चाललेलं नाही तो गप्प होतो.

मृत्यूची बातमी फार जपून द्यावी लागते. माझ्या माहितीतल्या एका गटावर नावासारखं नाव म्हणून जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेली आणि ती त्याच्या मुलीने वाचली. म्हणून नियम करा: घरी किंवा घराजवळच्या माणसाशी बोलल्याशिवाय कुणीही लिहायचं नाही, आणि लिहील ते एकच माणूस. शाळेतलं नाव, वाडी, कधी, कुठे, घरच्यांना भेटायला गेलेलं चालेल का, एवढं त्यात असावं. पार्थिवाचा फोटो नको.

त्यानंतर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. आम्ही त्याऐवजी प्रत्येकाकडून त्या माणसाची एक आठवण मागतो, दोन ओळी चालतील. ती सगळी कागदावर उतरवून, तेरावं झाल्यावर, दोघं जण घरी नेऊन देतात. वहाळापलीकडचा जो वर्गमित्र, तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. पत्रात तिघांनी एकच गोष्ट लिहिली होती: साकवावर पाणी असताना तो लहान मुलांना पाठीवर घेऊन पलीकडे सोडायचा आणि मग स्वतः उशीर झाला म्हणून मार खायचा. त्याच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. घरात वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं.

आजारपणात पैसे गोळा करण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, घरच्यांची परवानगी. रिपोर्टचे फोटो परस्पर गटावर टाकू नका. दुसरी, ज्यावर रुग्णाचा हक्क आहे ती मदत मिळाली का? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत, योजनेतल्या रुग्णालयांत ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. पहिल्यांना उपचार मोफत, दुसऱ्यांना सवलतीत. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन गटातला एखादा खमक्या माणूस गेला, तर वर्गणीपेक्षा मोठं काम होतं. तरीही पैसे लागलेच तर दोघांच्या हाती कारभार द्या, बिल थेट रुग्णालयात भरा, पावती घरच्यांना दाखवा, आणि कुणी किती दिले ही यादी कधीही गटावर टाकू नका. अशी एक यादी आमच्याकडे चुकून पडली होती. १०० रुपये दिलेली एक मैत्रीण दुसऱ्या दिवशी गटातून गेली. तिला परत आणायला मला दोन वर्षं लागली.

जे सगळ्यांना गोड वाटत नाही

शाळेच्या आठवणी म्हटल्या की छडीचे किस्से रंगतात. ज्याने मजेत दोन खाल्ल्या त्याला त्या आठवून हसू येतं. पण फी भरली नाही म्हणून ज्याला बाकावर उभं केलं होतं तो हे वाचत असतो आणि काही बोलत नाही. ईबीसीचे, म्हणजे फी-सवलतीचे, फॉर्म न भरलेल्यांची नावं वर्गात मोठ्याने वाचली जायची. कुणाला आडनावावरून पाण्याच्या मडक्यापासून लांब ठेवलं होतं. टोपणनावं होती: रंगावरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून, वडिलांच्या धंद्यावरून. पन्नाशी-साठीतल्या माणसाला त्याच्या नातवंडांसमोर त्या नावाने हाक मारायची नसते. टोपणनाव वापरण्याआधी त्याला एकट्याला विचारा. आणि कुणी एखादी कडू आठवण सांगितली तर “जाऊ दे रे, जुनं झालं” असं म्हणू नका. आमच्याकडे एकाने मडक्याची गोष्ट लिहिली तेव्हा दोन तास गट गप्प होता. मग पाणी वाढायची पाळी असायची त्यातल्या एकीने लिहिलं, ‘मी तेव्हा तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही. मला माफ कर.’ आमच्या वर्गाने आजवर लिहिलेल्या ओळींतली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ, असं मी मानते.

भेटायचं ठरलं तर

स्नेहमेळावा रिसॉर्टवर ठेवू नका. माणशी तीन हजार म्हटलं की गावाकडचे निम्मे गळतात आणि कारण सांगतात भलतंच. शाळेतच भेटा, रविवारी, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन. तारीख मुलींच्या माहेरपणावर धरा: कोकणात गौरी-गणपती, घाटावर भाऊबीज, खानदेशात आखाजी. भातलावणीत आणि सुगीत नको. भाषणं कमी करा, हजेरी मात्र घ्या. जुन्या क्रमाने, पूर्ण पटाची, जे नाहीत त्यांच्यासकट.

शाळेला काही द्यायचं मनात असेल तर काय हवं ते आधी विचारा. आम्ही कमान बांधायला निघालो होतो. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही. टाकी आणि पंप कमानीच्या निम्म्या पैशात झाले. धनादेश संस्थेच्या नावाने द्या, पावती घ्या. आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेची त्यासाठी नोंदणी आहे का ते बघा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही.

राहता राहिलं जपणं. फोन पाण्यात पडतो, बदलतो, हरवतो. दर सहा महिन्यांनी गटातला मजकूर ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून स्वतःला ईमेल करा, आणि वहीच्या तीन झेरॉक्स तीन गावी ठेवा. आमच्या तीन आहेत: एक माझ्याकडे, एक त्या कंडक्टर मित्राकडे, एक शाळेच्या कपाटात.

या रविवारी एकच करा. वही उघडा, आकडे घाला, स्वतःच्या नंबरापुढे आपलं शाळेतलं नाव लिहा, त्याच्या वर एक आणि खाली एक. मग त्या दोघांपैकी ज्याचा नंबर असेल त्याला फोन लावा. आमच्या वहीत ३७ नंबर अजून रिकामा आहे. ३६ आणि ३८ दोघांनाही तिथे कोणीतरी ‘हजर’ म्हणायचं एवढं पक्कं आठवतं. मुलगी होती आणि आवाज बारीक होता. रजिस्टरची ती पानं कसरीने खाल्ली आहेत. त्या ओळीवर मी पेन्सिलीने सरांचे शब्द लिहून ठेवलेत: पुन्हा जाणे.